का मेलो, ते कळलं पाहिजे

गेल्या अंकात अवघड ॲक्शन आरपीजी (पात्र घडवत, लढत खेळायचे) गेम्सबद्दल प्रश्न मागवले होते. फोंड्याच्या दुकानात कंट्रोलर दुरुस्त करताना जे वाद रोज कानावर पडतात, तेच पत्रांतून आले. पण लिहायला बसलं की माणूस आपलं म्हणणं नीट मांडतो, त्यामुळे वाचताना फार आनंद झाला. निम्म्याहून अधिक पत्रं ‘एल्डन रिंग’ आणि त्याच्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या एक्स्पान्शनबद्दल आहेत.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २००९ साली ‘डीमन्स सोल्स’ काढला, २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’, आणि तिथून हे घराणं वाढत गेलं, ‘एल्डन रिंग’ त्यातलाच. शत्रू मारून जमवलेले सोल्स मेल्यावर तिथेच पडतात, ते परत जाऊन उचलायचे, वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. मूळ खेळ बाजारात आल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नवा प्रदेश, नवे बॉस (म्हणजे मोठे, अवघड शत्रू) आणि नवी हत्यारं घेऊन वेगळ्या पैशांत जी पुरवणी येते, ती डीएलसी किंवा एक्स्पान्शन.

ताई, आम्ही दोघे भाऊ. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’वरून घरात सारखी भांडणं. मी म्हणतो, अवघडपणाच्या नावाखाली अन्याय केलाय. माझा खेळाडू १६० लेव्हलचा आहे, तरी पहिल्याच मोठ्या बॉसकडून दोन फटक्यांत आडवा होतो. धाकटा म्हणतो, तुला खेळताच येत नाही. कोणाचं बरोबर?
— दोघांतला थोरला, साखळी

पत्रात तू लेव्हल लिहिलीस, पण स्काडूट्रीची पातळी लिहिली नाहीस. गोम तिथेच आहे.

सावलीच्या प्रदेशात पाऊल टाकलं की तुझ्या १६० लेव्हलला पूर्वीएवढं वजन राहत नाही. तिथे स्काडूट्री फ्रॅगमेंट नावाचे सोनेरी तुकडे गोळा करायचे आणि ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून ते वापरायचे. एकूण तुकडे ५०, आणि त्यातून चढणाऱ्या पायऱ्या २०. प्रत्येक पायरीला तुझा वार जड होतो आणि तुला लागणारा मार कमी होतो. हा आशीर्वाद फक्त त्याच प्रदेशापुरता, बाहेर आलास की लागू नाही. ज्याच्या मागावर ही कथा चालते त्या मिकेलाचे क्रॉस जिथे जिथे उभे आहेत तिथे बघ, मारिका देवीच्या मूर्तीपाशी बघ, डोक्यावर मडकं घेऊन फिरणाऱ्या सावल्यांना मार. शॅडो कीपमधल्या सोनेरी पाणघोड्याकडून तर एकदम दोन मिळतात.

हे असं का केलं असावं याचा विचार कर. मूळ खेळ फेब्रुवारी २०२२ चा, एक्स्पान्शन २१ जून २०२४ ला आलं. मधल्या काळात कोणी १०० लेव्हलवर थांबला होता, कोणी २५० पार करून गेला होता. या सगळ्यांना एकाच बॉसपुढे उभं करायचं कसं? लेव्हल बघून बॉस बनवला तर एकाला तो भुईसपाट करणार आणि दुसरा त्याला चुटकीसरशी संपवणार. जुन्या डीएलसींमध्ये हेच व्हायचं. म्हणून नवी शिडी दिली आणि सगळ्यांना तिच्या पहिल्या पायरीवर उभं केलं. याच कंपनीच्या ‘सेकिरो’त अशीच सोय होती. तिथेही नुसते शत्रू मारमारून ताकद सहज वाढवता येत नव्हती, मोठे बॉस हरवले की त्यांच्या स्मृतींतून वार वाढायचा.

मला ही कल्पना मनापासून आवडते. मूळ खेळातल्या मोग या बॉसच्या महालात त्याच त्या झोपाळू शत्रूंना कापून रून्स (एल्डन रिंगमधले सोल्स) जमवणारी मुलं इथे पहिल्यांदा नकाशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत फिरली. पण शिडी दिली तर ती दिसायलाही हवी ना! तुकडा सापडला की एक छोटी सूचना येते आणि जाते. हे वापरलं नाहीस तर पुढे तुझं काही खरं नाही, असं खेळ कुठेच ठणकावून सांगत नाही. सरळ कथेच्या वाटेने चालणारा माणूस चार-पाच पायऱ्यांवर मेसमर या मोठ्या बॉसपुढे जाऊन उभा राहतो. जूनमध्ये सांजावच्या आधी तीन दिवस हे आलं आणि त्या आठवड्यात आमच्या दुकानात जो तो डोकं धरून बसलेला. बाहेर पाऊस, आत डान्सिंग लायन, तोच तुझा पहिला मोठा बॉस. एकेकाची स्काडूट्री पातळी उघडून दाखवायला लागले तेव्हा कोणाची शून्य, कोणाची एक, आणि सामानात तुकडे तसेच पडून. पहिल्या काही दिवसांत स्टीम या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंची मतं ‘मिक्स्ड’ दिसत होती त्यात पीसीवर खेळ अडखळण्याच्या तक्रारी होत्याच, पण हेही एक मोठं कारण होतं. कंपनीलाही ते उमगलं. आठवड्याच्या आत आलेल्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, पहिल्या निम्म्या पायऱ्यांचा फायदा वाढवला, म्हणजे थोडेच तुकडे गोळा केलेल्यालाही लगेच फरक जाणवावा.

आता धाकट्याला. ‘तुला खेळता येत नाही’ हे वाक्य मी दुकानात कोणाला बोलू देत नाही, कारण त्यातून समोरच्याला काहीच शिकायला मिळत नाही. मी विचारते, ‘कशाने मेलास?’ डावीकडून आलेली शेपटी दिसली नाही, स्टॅमिना संपला होता, औषध प्यायची घाई केली, असं काही सांगता आलं तर तो मृत्यू त्याचा, पुढच्या खेपेला तो सुधारेल. पुन्हा पुन्हा मरूनही लक्ष देऊन खेळणाऱ्या माणसाला ‘काय झालं तेच कळलं नाही’ असं म्हणावं लागत असेल, तर मात्र दोष खेळाचा.

त्या मापाने डान्सिंग लायन मला पुष्कळ स्वच्छ वाटतो. वीज, बर्फ, वारा, जे काही तो आणणार ते आधी अंगावर दिसतं. कॅमेरा मात्र त्याच्या आयाळीत गुंततो, तेव्हा शत्रूवरचं कॅमेऱ्याचं लॉक सोडून खेळ. या मापात न बसणारा म्हणजे शेवटचा बॉस, प्रॉमिस्ड कॉन्सॉर्ट रादान. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक वारामागे प्रकाशाचे खांब उतरायचे आणि त्या झगझगाटात पुढचा हात दिसायचाच नाही. मारतो कमी की जास्त, हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. दिसत नव्हतं, हे मुख्य. त्या वर्षी चवथीच्या दिवसांत, सप्टेंबरमध्ये, १.१४ चा पॅच आला. त्यात काही वारांची ताकद आणि पल्ला कमी झाला, लढाईची सुरुवातीची चाल बदलली, आणि प्रकाशाच्या परिणामांमधून नीट दिसेल असं केलं. आधी जिंकलेल्या मुलांना वाईट वाटलं की आता कोणीही जिंकेल. मला विचाराल तर त्यांचं जिंकणं तसूभरही कमी झालं नाही, आणि दिसण्याची दुरुस्ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

तर थोरल्या, दहा-बारा पायऱ्या चढून ये आणि मग मला परत लिही.

पैसे मोजून डीएलसी घेतलं आणि आत जायलाच मिळत नाही. मोग आणि रादान दोघांना मारा म्हणे. ही कसली पद्धत?
— नोकरदार वाचक, म्हापसा

तुमचा राग रास्त आहे, विशेषतः दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाचा. खरेदीच्या पानावर ही अट लिहिलेली होती, पण ती वाचून किती तास लागतील याचा अंदाज येत नाही.

आधी उपाय. दोघेही मूळ खेळातले बॉस. रादान केलिडमधल्या रेडमेन किल्ल्यावर आहे. अल्टस पठारावर पोचलात की तिथला उत्सव सुरू होतो. मोगपर्यंत जायला दोन वाटा. एक बर्फाळ प्रदेशातून, ती लांबची आणि उशिराची. दुसरी पांढरा मुखवटावाल्या वाऱ्रेच्या कामांतून. तो दुसऱ्यांच्या जगात तीनदा घुसखोरी करायला सांगतो. ऑनलाइन जायचं नसेल तर अल्टसमधल्या राइथब्लड अवशेषांपाशी त्याऐवजी मॅग्नस नावाच्या एका योद्ध्याला हरवता येतं. ही सोय नंतरच्या पॅचमध्ये दिली. शेवटी वाऱ्रे एक पदक देतो, ते वापरलं की थेट मोगच्या महालात. मोग पडला की मागच्या कोशातून बाहेर आलेल्या सुकलेल्या हाताला स्पर्श करायचा.

पद्धतीबद्दल म्हणाल तर या कंपनीला दार लपवायची जुनी हौस आहे. २०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ला जोडलेल्या ‘आर्टोरियस ऑफ द अबिस’मध्ये जायला आधी एका सोनेरी स्फटिक-गोलेममधून राजकन्येला सोडवायचं, मग दुसऱ्या ठिकाणच्या एका स्फटिक-गोलेमकडून तुटकं लॉकेट मिळवायचं, मग परत पहिल्या तळ्याकाठी यायचं. हे कोणी न सांगता शोधून काढलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण सगळीच दारं वाईट नसतात. ‘डार्क सोल्स ३’च्या ‘ॲशेस ऑफ एरियांडेल’मध्ये (ऑक्टोबर २०१६) चर्चमध्ये एक म्हातारा गुडघे टेकून बसलेला असतो, गेल त्याचं नाव. फाटक्या चित्राचा तुकडा पुढे करून तो तुम्हाला आत पाठवतो. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडून द्यावीत. मार्च २०१७ च्या ‘द रिंग्ड सिटी’त राखेच्या मैदानावर शेवटचा बॉस म्हणून समोर येतो तो हाच गेल. दार उघडून देणारा माणूस दोन डीएलसींच्या शेवटी तुमच्याशी लढतो, आणि तोवर त्याची ओळख झालेली असल्यामुळे हात जड होतो.

मोगच्या अटीत कथेचा धागा आहे हे मान्य, कारण मिकेलाचा कोश त्याच्याच महालात आहे. रादानची अट मात्र बऱ्याच जणांना शेवटपर्यंत उमगत नाही, आणि उमगते तेव्हा ‘पुन्हा हाच?’ म्हणून वाद होतो. मीही त्या वादात ‘पुन्हा हाच?’ म्हणणाऱ्यांच्याच बाजूची आहे. मिकेलाच्या कथेला रादानपेक्षा वेगळा शेवट शोभला असता.

एल्डन रिंगमधले बॉस हात वर करून थांबतात. मी रोल मारतो, आणि मग ते मारतात. ही फसवणूक नव्हे काय?
— कॉलेजविद्यार्थी, माशेल

‘डार्क सोल्स’मध्ये हात हलला की रोल मारायचा, म्हणजे कोलांटी घेऊन वार चुकवायचा, हे सगळ्यांच्या बोटांत बसलं होतं. रोलमध्ये मार न लागण्याचा काळ अर्ध्या सेकंदाहून कमी असतो. तो अंदाजाने बरोबर पडायला लागला तसे बॉस सोपे झाले. म्हणून बनवणाऱ्यांनी वाराआधी थांबा आणला. मार्गिट हा पहिलाच मोठा बॉस तुला तेच शिकवायला उभा केलाय. काठी वर नेतो, धरून ठेवतो, आणि तुझा रोल संपला की सोडतो.

तू माशेलचा, म्हणून एकच दाखला देते. चवथीच्या आरतीला घुमट वाजवताना मनात मात्रा मोजत बसलेला मुलगा आरती लांबवली की चुकतो, आणि गाणाऱ्याकडे कान लावून बसलेला चुकत नाही. मार्गिटची काठी बघू नकोस, खांदा बघ. काठी वर थांबलेली असते तेव्हा खांदा स्थिर असतो, सोडताना आधी खांदा झुकतो. एक संध्याकाळ वारच करू नकोस, फक्त बघ आणि चुकव.

खांद्यावर ते दिसतं तोवर मी याला फसवणूक म्हणणार नाही. पण २०२२ नंतर या थांब्याचा अतिरेक झाला, हे मलाही वाटतं. काही बॉस असे थबकतात की अंगाला वजनच नाही असं वाटतं. एवढं मोठं हत्यार हवेत तोलून धरणाऱ्या देहाचा ताण दिसत नाही, आणि मग वार खोटा वाटतो. या बाबतीत ‘सेकिरो’ (२०१९) माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक. तलवारीला तलवार वेळेवर भिडली की खणकन आवाज, मोठी ठिणगी. उशीर झाला तर आवाज बोथट, ठिणगी फिकी. प्रत्येक वारावर तुला त्याच क्षणी उत्तर मिळतं. उलट ‘डार्क सोल्स २’मध्ये रोल किती वाचवणार हे ॲडॅप्टेबिलिटी नावाच्या एका आकड्यावर ठरायचं. तो वाढवायचा असतो हे माहीतच नसलेली माणसं बरोबर वेळेवर रोल मारूनही मरत राहिली. माझ्या लेखी ती फसवणूक, मार्गिटची काठी नव्हे.

माझा मुलगा अकरावीत आहे. जेवायला हाक मारली की ‘थांबवता येत नाही’ म्हणतो. तासन्‌तास एकाच राक्षसाकडून मार खातो आणि पुन्हा तेच. काळजी वाटते.
— एक आई, मडगाव

ताई, ‘थांबवता येत नाही’ हे तो खरं सांगतोय. एल्डन रिंग, डार्क सोल्स आणि त्याच कंपनीच्या ब्लडबोर्नमध्ये नेहमीसारखा पॉज नाही, मेनू उघडला तरी शत्रू चालतच राहतो. ‘सेकिरो’त पॉज आहे. पण पॉज नाही म्हणजे सोडता येत नाही असं नव्हे. मेनूतून ‘क्विट’ केलं की खेळ आपोआप सेव्ह होतो आणि परत आल्यावर जवळपास तिथेच उभं राहता येतं. बॉसची लढाई चालू असेल तरच ती पहिल्यापासून खेळावी लागते, आणि एक लढाई सहसा पाच-सात मिनिटांत इकडे किंवा तिकडे होते. तेव्हा ‘ही लढाई संपली की ये’ असं ठरवा. त्यानंतर अर्धा तास लागला तर तो पुढची लढाई खेळतोय, आणि मग तुम्ही जरूर रागवा.

वयाचं म्हणाल तर एल्डन रिंगला युरोपात १६ वर्षांवरील आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील असं मानांकन आहे. रक्त आणि भेसूर रूपं आहेत. शेजारी बसून थोडा वेळ बघा, तुम्हालाच ठरवता येईल.

पुन्हा पुन्हा मार खाण्याबद्दल मात्र त्याची बाजू घेते. त्याला विचारा, ‘मागच्या वेळेपेक्षा आता काय वेगळं करणार आहेस?’ उत्तर आलं तर तो शिकतोय. ‘माहीत नाही, बघू’ असं आलं आणि चेहरा ताणलेला असला, तर त्या रात्रीपुरतं बंद करायला सांगा. दमलेल्या बोटांनी बॉस पडत नाही. सकाळी उठून तोच बॉस चटकन पाडलेली कितीतरी मुलं मी बघितली आहेत.

बॉसच्या दाराशीच पुन्हा उभं करायला लागल्यापासून या खेळांचा धाक गेला, असं माझं ठाम मत. तुमचं?
— जुना खेळाडू, पेडणे

मेल्यावर बॉसपर्यंत परत चालत जाणं, ज्याला सगळे रनबॅक म्हणतात, त्याला पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये अर्थ होता. वाट वळून वळून जुन्याच ठिकाणी यायची. चर्चमधली लिफ्ट खाली उतरली आणि दार उघडलं तो समोर फायरलिंक, तेव्हा अंगावर आलेला काटा मला आठवतो. चालून चालून ती जमीन आपली व्हायची. तिथवर मी तुमच्याबरोबर आहे.

पण त्याच कंपनीचं ‘डार्क सोल्स २’ घ्या. २०१४ मध्ये जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने लागोपाठ तीन ‘क्राउन’ डीएलसी आले. प्रत्येकात एक वाट मुद्दाम दोघा-तिघांनी मिळून जाण्यासाठी बनवलेली. त्यातली ‘आयव्हरी किंग’मधली फ्रिजिड आउटस्कर्ट्स आठवते? बर्फाचं वादळ, पुढचं काही दिसत नाही, त्यातून विजा टाकणारे घोडे धावून येतात, आणि एवढं चालून गेल्यावर बॉस म्हणजे आधीच्या वाघाची जोडी. मेलात की परत ते सगळं. त्या चालण्यातून नवीन काय कळतं? काही नाही. वेळ जातो तेवढा. धाक आणि कंटाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एल्डन रिंगने बॉसजवळ मारिकाचे खुंट (मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरू करता येतं) रोवले आणि तो कंटाळा काढला, हे मला पूर्ण पटलं. धाक गेला म्हणावं तर त्याच खेळातली मलेनिया ही बॉस बघा.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘होलो नाइट: सिल्कसाँग’मुळे हा वाद पुन्हा पेटला. तो आरपीजी नाही, पण वाद तोच. तो मुळात ‘होलो नाइट’चं एक्स्पान्शन म्हणून सुरू झाला आणि वाढत वाढत वेगळा खेळ झाला. तिथल्या लास्ट जज या बॉसकडे जाणारी वाट पार करताना तुमच्या वयाचे खेळाडूही वैतागले.

या खेळांत ‘ईझी मोड’ असावा का? माझ्या उजव्या मनगटाला दुखापत आहे. मित्र म्हणतात, सोपं केलं तर तो सोल्स राहणार नाही.
— वाचक, पणजी

असावा. कोरियात बनलेल्या ‘लाइज ऑफ पी’मध्ये २०२५ च्या जूनमध्ये ‘ओव्हरचर’ हे डीएलसी आलं, त्याबरोबर अवघडपणाचे पर्याय दिले गेले. ज्यांना जुन्याच पातळीवर खेळायचं होतं ते तसेच खेळत राहिले, त्यांच्याकडून कोणी काही काढून घेतलं नाही.

तुमच्या मित्रांचं म्हणणं मी कानाआड करत नाही. सगळ्यांनी एकच डोंगर चढला म्हणून भेटल्यावर बोलायला विषय असतो, आणि हा आनंद खरा आहे. पण एल्डन रिंगमध्ये तो डोंगर सगळ्यांनी एकाच वाटेने कधीच चढला नव्हता. कोणी मोठी ढाल आणि भाला घेऊन गेला, कोणी मिमिक टिअर (आपलीच नक्कल असलेला साथी) बोलावून, कोणी दोन मित्रांना घेऊन. तुमच्या मनगटासाठी तेच सांगते. ढालीआडून भाला चालवणारा बिल्ड घ्या, त्यात रोल कमी लागतो. व्हिगर (जीव किती, तो आकडा) आधी ४० पर्यंत न्या, मग ६०. स्पिरिट ॲश, म्हणजे लढाईत साथ देणारा आत्मा, बोलवायला लाजू नका, तो बनवणाऱ्यांनीच दिलेला हात आहे. शिवाय सेटिंगमध्ये बटणं बदलता येतात. उजव्या ट्रिगरवरचा वार डाव्या हाताकडे घ्या आणि काही दिवस सवय करा. ‘सेकिरो’ मात्र सध्या टाळा. तिथे असा कुठलाच आडमार्ग नाही आणि बोटांना उसंत नाही.

आजवरचं सर्वांत चांगलं एक्स्पान्शन कोणतं?
— वाचक, डिचोली

‘ब्लडबोर्न’चं ‘द ओल्ड हंटर्स’, नोव्हेंबर २०१५. आकाराने ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ त्याच्या कितीतरी पट. मेसमर, मिद्रा आणि बेलची लढाई मी कोणाहीपुढे नाचत दाखवीन. पण एवढ्या मोठ्या प्रदेशात काही कोपरे रिकामे राहिले, बोटांसारख्या दगडांची मैदानं नुसती घोड्यावरून ओलांडायची. ‘ओल्ड हंटर्स’मध्ये रिकामं असं काही नाही.

लुडविग घ्या. रक्ताच्या ओढ्यापलीकडे एक विद्रूप जनावर अंगावर येतं, नुसतं किंचाळणं आणि धडका. अर्धं आयुष्य गेलं की ते कोसळतं, आणि पाठीवरून पडलेल्या तलवारीकडे त्याचं लक्ष जातं. तिच्यात निळसर चांदणं भरतं. मग तो दोन पायांवर उभा राहतो. संगीत बदलतं, आणि आता तो धडका मारत नाही, तलवारीचे पट्टे घालतो, पवित्रा घेतो, थांबतो. कधीकाळी हा कोण होता हे कोणी सांगत नाही, त्याच्या हालचालींतून कळतं. अवघडपणा आणि कथा एकाच अंगातून आलेली दुसरी लढाई मला इतकी आवडलेली नाही. पीएस ४ च्या ३० फ्रेम्समध्ये अडकलेला असूनही तो खेळ आजही काढून बसावासा वाटतो.

पावसात वीज जाते, सेव्ह उडण्याची भीती. शिवाय रोल उशिरा लागतो असं वाटतं.
— वाचक, वाळपई

टीव्हीवर आधी ‘गेम मोड’ लावा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही उशीर करतो आणि आपण बोटांना दोष देतो. पीएस ५ असेल तर एल्डन रिंगची पीएस ४ आवृत्ती त्यावर टाकून बघा, ती जास्त गुळगुळीत चालते. सेव्हसाठी पीसीवर एल्डन रिंगच्या फोल्डरमधली फाइल दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या, कन्सोल असेल तर क्लाउड सेव्ह चालू ठेवा. छोटा यूपीएस टीव्ही आणि कन्सोल दोघांना पाच-दहा मिनिटं पुरला तरी बस्स, तेवढ्यात क्विट होतं. आणि कंट्रोलर उघड्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत ॲनालॉग स्टिक लवकर खराब होतात. डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे.

आम्ही दोघी बहिणी. ‘नाइटरेन’ दोघींना मिळून खेळता येईल का? दुकानदार तिघंच लागतात म्हणाला.
— वाचक, कुडचडे

‘नाइटरेन’ हा एल्डन रिंगच्या घरातला, मिळून खेळायचा खेळ. ३० मे २०२५ ला तो आला तेव्हा दुकानदाराचं म्हणणं खरं होतं, एकटं नाहीतर तिघं, दोघांची सोयच नव्हती. बहिणी-बहिणी आणि नवरा-बायको खेळणाऱ्यांनी एवढी मागणी केली की जुलैअखेरच्या पॅचमध्ये दोघांचा पर्याय आला. एका टीव्हीवर दोघी खेळता येत नाही. दोन कन्सोल किंवा पीसी, दोन प्रती आणि नेट लागेल, कन्सोलवर ऑनलाइनची वर्गणीही. एक बहीण पीएस ५ वर आणि दुसरी पीसीवर, असं चालत नाही, दोघींकडे एकाच जातीचं यंत्र हवं. सुरुवातीला पात्रांपैकी एकीने वायल्डर घ्यावा, दुसरीने आयर्नआय. एक पुढे राहते, दुसरी लांबून बाण मारते, आणि पडलेल्या बहिणीला आयर्नआय लांबूनच बाण मारून उठवू शकते.